हिवाळ्यात एव्हरेस्ट आणखी ‘उंच’ होतो

संपादक महोदय,

हिवाळी मोहिमांच्या बातम्यांत थंडी-वाऱ्याचे वर्णन भरपूर, हवेच्या दाबाबद्दल मात्र चकार शब्द नसतो. ‘शिखरावर ऑक्सिजनचे प्रमाण घटते’ हे त्यांतले वाक्य तर सपशेल चूक. प्रमाण तिथेही सुमारे २१ टक्केच. घटतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश; म्हणून दर श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. एव्हरेस्टवर तो उन्हाळ्यात पाऱ्याच्या साधारण २५५ मिलिमीटर, ऐन हिवाळ्यात सुमारे २४३. ऑक्सिजनचा सिलिंडर लावलेल्याचे यात फारसे बिघडत नाही. बिनसिलिंडरच्या गिर्यारोहकाला शिखर तीनेकशे मीटरने वाढल्यासारखेच. त्यात धापांवाटे उष्णता आणि पाणी जाते, बोटांचा रक्तपुरवठा आटतो, हिमदंश लवकर गाठतो. २२ डिसेंबर १९८७ रोजी नेपाळचे गिर्यारोहक आंग रिता शेर्पा अशा हवेत सिलिंडरशिवाय माथ्यावर पोहोचले. म्हणून बातमीत चढाईची तारीख आणि सिलिंडर वापरला की नाही, हे अवश्य छापावे.

– एक वाचक, पुणे