‘दोन आज्ञा’ आणि त्यांच्या पोटातलं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मुक्त-स्रोत खेळांवरचा लेख आवडला. चित्रकार आणि संगीतकारांची नावं आवर्जून दिलीत, तेही बरं केलंत. एक वाक्य मात्र खटकलं: ‘सोर्स कोड उतरवून घ्या, दोन आज्ञा द्या, खेळ तयार.’ अशाच एका खेळाच्या बिल्ड स्क्रिप्ट (सोर्स कोडपासून चालता खेळ बांधणाऱ्या सूचना) मी नऊ वर्षं सांभाळते आहे, म्हणून हे पत्र.

आमचा खेळ खिडकी उघडायला आणि कीबोर्ड-माऊसचं ऐकायला एसडीएल वापरतो, चित्रांसाठी लिबपीएनजी, संगीतासाठी ऑग-व्होर्बिस, मोहिमांसाठी लुआ. या सगळ्या लायब्ररी, म्हणजे इतरांचा तयार कोड; यातलं काहीही आम्ही लिहिलेलं नाही. ते तुमच्या मशीनवर आहे का, कुठे आहे, कितव्या आवृत्तीचं आहे, हे पहिली आज्ञा शोधते; दुसरी खेळ बांधते. १९९१ साली अशी शोधणारी स्क्रिप्ट तयार करून देणारं ऑटोकॉन्फ आलं, त्याची शोधायची रीत अगदी बाळबोध आहे: चार ओळींचा सी प्रोग्राम लिहायचा, कंपाइल (मशीनच्या भाषेत रूपांतर) आणि लिंक (लायब्ररीशी जोडणी) करून बघायचा. जमलं तर लायब्ररी आहे, नाही जमलं तर नाही.

गोम आहे ती या ‘नाही’त. का जमलं नाही, ते स्क्रिप्ट विचारत नाही. एकदा नवी आवृत्ती निघाली आणि दुसऱ्याच दिवशी तक्रार आली: खेळात संगीत वाजत नाही. मी तीन संध्याकाळी आवाजाचा कोड उपसला. दोष तिथे नव्हताच. तक्रार करणाऱ्याने स्टॅटिक बिल्ड केला होता, म्हणजे लायब्ररी खेळातच भरून बांधल्या होत्या. त्यात संगीताच्या फाइली वाचणाऱ्या व्होर्बिसफाइल लायब्ररीच्या पाठोपाठ, तिला लागणाऱ्या व्होर्बिस आणि ऑग याही जोडणी करणाऱ्या लिंकरला द्याव्या लागतात, आणि माझी चाचणी एकट्या व्होर्बिसफाइलवर भागवत होती. लिंक फसली, स्क्रिप्टने ‘सापडली नाही’ ठरवलं आणि संगीत गुपचूप वगळून खेळ बांधून दिला. कॉन्फिग लॉगमध्ये, म्हणजे पहिल्या आज्ञेच्या नोंदवहीत, सगळं लिहिलेलं होतं. पण तो लॉग वाचतो कोण? मीही शेवटीच वाचला.

तेव्हापासून मी एक नियम केला. एखादी लायब्ररी ऐच्छिक असली, तरी ती नको असं बांधणाऱ्यानेच सांगायचं. सांगितलं नाही आणि ती सापडली नाही, तर स्क्रिप्टने तिथेच थांबून ओरडायचं. यावर मला बरीच बोलणी बसली, ‘आधी तर आपसूक व्हायचं!’ म्हणून. व्हायचं, पण मुकं.

हल्ली पीकेजी-कॉन्फिग या साधनामुळे त्रास कमी झालाय. प्रत्येक लायब्ररी आपला ठावठिकाणा एका छोट्या फाइलीत लिहून ठेवते, आम्ही तो विचारतो. लुआ मात्र अशी फाइल स्वतः देत नाही, ती डिस्ट्रिब्युशनवाले, म्हणजे लिनक्ससारख्या प्रणाली बांधून वाटणारे, घालतात. त्यामुळे तिचं नाव कुठे ‘लुआ५.३’, कुठे ‘लुआ५३’, तर कुठे ‘लुआ-५.३’. एका टिंबाने आणि एका आडव्या रेघेने माझ्या सुट्ट्या खाल्ल्यात. आता २०२५च्या जानेवारीत एसडीएल ३ची पहिली स्थिर आवृत्ती आली. हेडरची (लायब्ररीतल्या सोयी कंपाइलरला सांगणाऱ्या फाइलींची) जागा बदलली, जुनी कॉन्फिग स्क्रिप्ट गेली; पुन्हा शोधाशोध.

टिंबावरून आठवलं. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला, तेव्हा सगळे एसएसएचबद्दल, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायच्या सोयीबद्दल, बोलत होते. माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. त्याच प्रकल्पाच्या सीमेक (ऑटोकॉन्फसारखंच दुसरं साधन) फाइलीत, लँडलॉक नावाची सुरक्षा-सोय आहे का हे तपासणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, कुणीतरी एक टिंब टाकून ठेवलं होतं. त्या टिंबामुळे प्रोग्राम कंपाइल होणंच शक्य नव्हतं. स्क्रिप्ट प्रत्येक वेळी इमानदारीत सांगणार, ‘ही सोय इथे नाही.’ आणि मूळ चोरदरवाजा आत शिरला तोही टारबॉलमधल्या (प्रसिद्ध केलेल्या सोर्स कोडच्या गठ्ठ्यातल्या) एका एम४ मॅक्रोतून, म्हणजे ऑटोकॉन्फची स्क्रिप्ट घडवणाऱ्या आणि माझ्यासारख्या माणसांशिवाय कुणी उघडत नाही अशा फाइलीतून.

लेख पुन्हा छापलात तर एवढं जोडा: लायब्ररी असली तरी तिचे हेडर बऱ्याच ठिकाणी वेगळ्या, ‘डेव्ह’ किंवा ‘डेव्हेल’ लावलेल्या पॅकेजमध्ये असतात, ते आधी घ्यावेत. पहिली आज्ञा संपताना जी यादी दिसते, ती वाचूनच दुसरी द्यावी. आणि तक्रार पाठवताना कॉन्फिग लॉग जोडावा. आख्खा. शेवटच्या दहा ओळी नकोत, चूक नेहमी मधेच कुठेतरी असते.

आपली,
एक वाचक