‘दरागाया’ म्हणजे नुसतं ‘प्रिय’ नव्हे : रशियन शिकवणाऱ्या बाईंना पत्र

आदरणीय बाई,

सा. न.

पुण्यात बहिणीकडे महिनाभर राहिले, त्यात सात संध्याकाळी तुमच्या घरी आले. निघताना नीट बोलताही आलं नाही. तुमच्यासारखी शिकवणारी माणसं अजून आहेत हे इतरांनाही कळावं, म्हणून हे उघड लिहिते आहे.

मी आले तेव्हा कशी होते हे तुम्ही पाहिलंत. फेब्रुवारीत बारावीची तीन मुलं पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या घरी आली होती. प्रात्यक्षिकाचे गुण हवे होते. मी नाही म्हटलं, तरी ती हलेनात. त्यातला एक अगदी नम्रपणे म्हणाला, ‘मॅडम, तुमचं काय जातंय?’ पुढे काही घडलं नाही. बॉक्स उचलून ती गेली. पण त्या दिवसापासून वर्गात फळ्याकडून मुलांकडे वळायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. बावीस वर्षं गणित शिकवल्यावर ही वेळ यावी!

जिन्यात हे सांगितलं तेव्हा तुम्ही धीर दिला नाहीत, सल्लाही नाही. ‘उद्या सहाला या, एक सिनेमा बघू,’ एवढंच म्हणालात.

एल्दार र्‍याझानोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा १९८८ चा ‘दरागाया येलेना सेर्गेयेव्ना’. ल्युदमिला राझुमोव्स्काया यांच्या नाटकावरचा. गणिताच्या बाईंचा वाढदिवस, आणि मॉस्कोतल्या त्यांच्या घरी दहावीतले चार विद्यार्थी फुलं, भेटवस्तू घेऊन येतात. आई इस्पितळात असल्याने बाई एकट्याच आहेत. पोरांनी आठवण ठेवली म्हणून त्या हरखून जातात. बाईंचं काम करणाऱ्या मरीना नेयोलोवा यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला आता बघवत नाही, कारण पुढचं ठाऊक आहे. मुलांना हवी असते बाईंकडची शाळेच्या तिजोरीची किल्ली. आत गणिताच्या परीक्षेचे पेपर आहेत, ते त्यांना बदलायचे आहेत.

पहिल्यांदा पाहताना मी खालची इंग्रजी सबटायटल्स वाचत होते आणि रागाने थरथरत होते. संपल्यावर म्हणाले, ‘हीच ती पोरं. इथून तिथून सारखीच.’ तुम्ही उत्तर दिलं नाहीत, चहा ठेवलात. दुसऱ्या दिवशी सबटायटल्स बंद केलीत आणि एकेक वाक्य थांबवून मराठीत सांगायला लागलात.

सुरुवात नावापासून. ‘दरागाया’ म्हणजे प्रिय, आणि रशियनमध्ये महाग वस्तूलाही तोच शब्द. जिची किंमत मोजावी लागते ती. सेर्गेयेव्ना म्हणजे सेर्गेईची मुलगी. नावापुढे वडिलांचं नाव लावून हाक मारणं म्हणजे आदर. मग तुम्ही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दाखवलंत, रशियनमधले ‘ती’ आणि ‘वी’. इंग्रजीत दोन्हींचं ‘यू’ होतं, म्हणून मला ते दिसलंच नव्हतं. घर उलथंपालथं करतानाही मुलं बाईंना ‘तुम्ही’च म्हणतात. शिष्टाचार शाबूत आणि आतलं सगळं ढासळलेलं. माझ्या दारात नम्रपणे बोललेला मुलगा तेव्हा डोळ्यांपुढे आला.

तिसऱ्या संध्याकाळी तुम्ही चौघांना वेगवेगळं केलंत. मला तर ती टोळीच वाटली होती. वीत्याला गणितात पास व्हायचं आहे. पाशाला साहित्य शिकायला जायचं आहे. ल्याल्याला गरिबीत दिवस काढायचे नाहीत. आणि वोलोद्या? बड्या घरचा, त्याला स्वतःला या पेपरची गरजच नाही. माणूस कुठवर वाकतो हे त्याला बघायचं आहे. नाही म्हणणाऱ्या बाईंच्या वागण्याला तो अँटिगनीचं, म्हणजे तत्त्वासाठी राजाची आज्ञा मोडणाऱ्या ग्रीक नाटकातल्या नायिकेचं, नाव देतो, जणू तत्त्व हा आजारच. तुम्ही म्हणालात, हे त्याने घरी जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं असणार. बाहेर एक बोलायचं आणि आत दुसरं करायचं, हे या पोरांनी मोठ्यांकडूनच उचललंय. राझुमोव्स्काया यांनी नाटक लिहिलं सोव्हिएत सत्ताधीश ब्रेझ्नेव्हच्या काळात. रंगमंचावर आलं, मग बंद पाडलं गेलं. गोर्बाचेव्हच्या मोकळिकीत त्याचा सिनेमा होऊ शकला, आणि तोही लोकांना हसवणाऱ्या र्‍याझानोव्ह यांनी केला. लोकांना केवढा धक्का बसला असेल!

पण माझा राग उतरला तो या माहितीने नव्हे. तुम्ही मला बाईंचं वागणंही तपासायला लावलंत. त्या बरोबरच आहेत, यात तुम्हालाही शंका नव्हती. पण त्या वाक्यं बोलतात, आणि पोरांना ती पाठ झालेली वाक्यं वाटतात. तुम्ही विचारलंत, ‘तुमचं काय जातंय असं तो म्हणाला, तेव्हा तुम्ही त्याला काय सांगितलंत?’ मी काहीच सांगितलं नव्हतं. ‘चालते व्हा’ एवढंच.

त्या रात्री झोप लागली नाही. जातंय ते काय? वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी आहे. पहाटे जनावरांचं उरकून येते आणि स्वतःच्या हाताने सोडवलेल्या गणिताला मिळतील तेवढेच गुण घेते. तिचं जातंय. हे त्या मुलाला सांगायला हवं होतं. कदाचित पटलं नसतं, पण तो माझा विद्यार्थी होता. बारावी होऊन तो कॉलेजातून गेला. जूनमध्ये मी त्याच्या घरी गेले आणि सांगितलं. तो बराच वेळ खाली बघत होता. त्याच्या आईने चहा केला. एवढंच झालं.

वर्गाकडे पाठ करून उभी राहत नाही आता.

शेवटचा प्रसंग काल पुन्हा पाहिला, एकटीने, सबटायटल्स न लावता. ज्या किल्लीसाठी एवढं सगळं केलं, ती किल्ली कुणी नेत नाही. बाईंनी स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलंय, आणि बाहेरून ल्याल्या हाका मारतेय. आतून उत्तर येत नाही. ती मघासारखीच नाव आणि वडिलांचं नाव लावून हाक मारते, पण आता त्या हाकेत निव्वळ शिष्टाचार उरलेला नाही. हे मला नुसत्या कानांनी कळलं, बाई. ते कान तुम्ही दिलेत.

दिवाळीत येते आहे. शब्दांची वही तुमच्याकडेच राहिली आहे, जपून ठेवा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची पाहुणी