हेल्मुट दुकादाम यांस, चार पेनल्टींबद्दल आभार

दुकादाम साहेब,
सप्रेम नमस्कार.

२ डिसेंबर २०२४ रोजी तुम्ही गेलात, तेव्हा आभार मानायला उशीर झालाच आहे. तरी हे पत्र उघडपणे लिहितोय. तुम्ही रोमानियाचे गोलकीपर; प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण पेनल्टी कशी अडवायची हे शिकवताना आम्ही गोलकीपर घडवणारी मंडळी जे सांगतो, त्यातलं बरंचसं तुमच्या एका रात्रीतून आलेलं आहे.

७ मे १९८६, सेव्हिल. युरोपियन कपची (आजच्या चॅम्पियन्स लीगची) फायनल, समोर बार्सिलोना आणि सत्तर हजारांच्या गर्दीत बहुतेक सगळे त्यांचेच. १२० मिनिटांत गोल नाही. पेनल्टी शूटआऊटमध्ये तुमच्या स्तेआवा बुखारेस्टच्या पहिल्या दोघांच्या, माझारू आणि बोलोनीच्या, किक बार्सिलोनाचा कीपर ऊरूतीनं अडवल्या. दोन किक अशा वाया गेल्या की सामना हातचा जातो. पण बार्सिलोनाच्या आलेसांको, पेद्रासा, पिची आलोन्सो आणि मार्कोस या चौघांपुढेही तुम्ही उभे राहिलात आणि एकही चेंडू आत जाऊ दिला नाहीत. तुमच्या लाकातुश आणि बालिंट यांचे दोन गोल पुरले.

लोक याला नशीब म्हणतात. म्हणू देत. तुम्ही पहिल्या तिन्ही वेळा उजवीकडे झेपावलात आणि चौथ्यांदा डावीकडे. समोरचा आता काय विचार करत असेल याचा अंदाज बांधत गेलो, असं तुम्ही नंतर सांगत राहिलात. कीपर एकदा उजवीकडे गेला की पुढच्या खेळाडूला वाटतं, आता हा बाजू बदलणार. तुम्ही बदलली नाहीत. तिसऱ्यालाही तेच वाटलं असणार. बदललीत ती चौथ्या वेळी, जेव्हा उजवी बाजू ही तुमची सवय आहे असं समोरच्याला वाटू लागलं असेल. नवशिका कीपर प्रत्येक किकचा वेगळा जुगार खेळतो. चार किकचा मिळून एकच डाव असतो, हे त्याला समजावताना आम्हाला तुमच्याइतकं नेमकं उदाहरण दुसरं मिळत नाही.

तुमच्या वेळचा नियमही कडक होता. चेंडूला पाय लागेपर्यंत कीपरनं गोलरेषेवर पाय न हलवता उभं राहायचं. रेषेवरून आडवं सरकायची मुभा १९९७ मध्ये मिळाली, आणि आता किकच्या क्षणी एक पाय रेषेवर असला की चालतं. हिशेब मांडला तर अंगावर काटा येतो. चेंडू ११ मीटरवर. सेकंदाला २५ मीटर वेगानं मारला तर ०.४४ सेकंदात रेषेवर. गोल ७.३२ मीटर रुंद, म्हणजे मध्यापासून खांब ३.६६ मीटर. चेंडू निघाल्यावर बघून मग झेप घ्यायची म्हटलं तर खांबाजवळचा चेंडू मिळत नाही. आणि आधीच झुकलं तर मारणारा बघतो आणि दुसऱ्या बाजूला ढकलतो.

म्हणून आम्ही शिकवतो ते असं. नजर चेंडूवर आणि मारणाऱ्याच्या टेकलेल्या पायावर. तो पाय आणि कंबर ज्या दिशेला वळते, तिकडे चेंडू जाण्याची शक्यता जास्त. उजव्या पायाचा खेळाडू तिरक्या रन-अपनं आला तर त्याची नैसर्गिक किक कीपरच्या उजव्या हाताला येते. वजन पायाच्या चवड्यांवर. टाचांवर गेलं की झेप मागे पडते आणि चेंडू हाताला लागूनही आत जातो. ज्या बाजूला जायचं त्याच बाजूच्या पायानं पुढे तिरकं पाऊल टाकून त्यावरून रेटा. जमिनीलगतच्या चेंडूला खालचा हात आधी, उंच चेंडूला वरचा. पडताना मांडी, कंबर, मग खांदा. कोपर आधी टेकलं की हात जायबंदी होतो, पोटावर पडलं की अर्धी पोच वाया जाते. शूटआऊटमध्ये परतीच्या चेंडूवर गोल नसतो, तेव्हा चेंडू पकडायचा हट्ट नको, बाहेर ढकलला की झालं. पाच-सहा किकचा एक संच, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, असे चार संच. त्यापुढे पाय दमतात आणि पोरं चुकीची झेप पक्की करून घरी जातात.

आणखी एका गोष्टीसाठी आभार, आणि ती आम्हाला जास्त मोलाची वाटते. सेव्हिलनंतर लवकरच तुमच्या उजव्या हातात रक्ताची गुठळी झाली. डिसेंबर १९८६ मध्ये अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटविरुद्धचा इंटरकॉन्टिनेंटल कप आणि फेब्रुवारी १९८७ मधला युरोपचा सुपर कप तुमच्याशिवाय खेळला गेला. १९८९ मध्ये तुम्ही परतलात ते अरादच्या वागोनुल क्लबकडून, दुसऱ्या विभागात. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या घरातल्या कुणीतरी तुमचे हात मोडायला लावले, ही अफवा जगभर फिरली. चमचमीत होती, तुम्हाला हुतात्मा करणारी होती. तुम्ही ती साफ नाकारलीत आणि आजारच होता म्हणून सांगितलंत.

त्यामुळे दुखऱ्या हाताकडे आम्ही नुसतं मुका मार म्हणून बघत नाही. एकाच हाताची बोटं गार किंवा पांढरी पडणं, हात सुजून निळसर दिसणं, डोक्यावर हात नेल्यावर लवकर गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर मालिश नाही, बर्फ नाही, ग्लोव्हज उतरवून त्याच दिवशी डॉक्टरकडे. दोन्ही तळहात एकत्र धरून तपासायला अर्धा मिनिट लागतो. सराव सुरू होण्याआधी तो आम्ही काढतो.

आपले ऋणी,
गोलकीपरना शिकवणारे काही जण