हजेरीची सक्ती आणि हिंजवडीचा रस्ता

महोदय,

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची जी सवलत मिळाली, ती आता बहुतेक माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी काढून घेतली असून पुण्याजवळच्या हिंजवडी येथील आयटी पार्ककडे जाणारे रस्ते पुन्हा तुंबू लागले आहेत. नव्याने रुजू झालेल्या मुलांना ज्येष्ठांच्या शेजारी बसूनच काम उमगते, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यामुळे कार्यालयात बोलावण्यालाच माझा विरोध नाही. परंतु कोथरूडहून निघालेला माणूस भूमकर चौकात अडकून, कार्यालयात पोहोचल्यावर दिवसभर बंगळुरू आणि लंडनमधील सहकाऱ्यांशी पडद्यावरच बोलणार असेल, तर त्या प्रवासातून कंपनीला नेमके काय मिळते?

हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गिकेचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. पण मेट्रो असली तरी स्थानकापासून कार्यालयापर्यंत पीएमपीच्या (पुण्याच्या शहर बससेवेच्या) छोट्या बस आणि चालण्याजोगे पदपथ नसतील, तर लोक दुचाकीच काढतील. कंपन्यांनी निदान येण्याजाण्याच्या वेळा आपसांत ठरवून वेगवेगळ्या ठेवाव्यात आणि लहान मुले वा आजारी आईवडील घरी असलेल्यांना आठवड्यातील दोन दिवस घरून काम करू द्यावे. माझ्या ओळखीतील दोघींनी याच कारणासाठी नोकरी सोडली, याचे मला फार वाईट वाटते.

— एक नोकरदार, कोथरूड, पुणे