आफ्रिकेत मिशनला यायचं तर मुक्कामाला या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर मी इथे मोबाईलवर वाचते, नेट असेल तेव्हा. मागे वाचकांच्या पत्रांत एका ताईंनी विचारलं होतं की आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चच्या) सोळा तरुण मुलांना पंधरा दिवस आफ्रिकेत सेवेला पाठवायचंय, कुठे पाठवावं, सोबत काय काय द्यावं. त्यांना उत्तर म्हणून लिहितेय, लांबलं तर कापा.

ताई, पंधरा दिवसांसाठी नका पाठवू. सोळा जणांच्या तिकिटांच्या पैशात एकच माणूस पाठवा पण दोन वर्षांसाठी पाठवा.

मी नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं, तोंडात बसायला वेळ लागतोय), नर्स आहे. आमचे हे शिक्षक. मुलं लहान असताना आम्ही लेसोथोत मिशनच्या दवाखान्यात आणि शाळेत काम करायचो, मग सासूबाईंचं आजारपण निघालं म्हणून घरी गेलो, ते झालं, मुलं मार्गी लागली आणि आता दोघंच परत आलोय. लेसोथो म्हणजे चारी बाजूंनी साऊथ आफ्रिका आणि मधोमध हा देश, आपल्या पुणे जिल्ह्याच्या दुप्पट असेल, माणसं तेवीस लाखांच्या आसपास. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष भर संसदेत म्हणाले होते की या देशाचं नावच कुणी ऐकलेलं नाही. इथल्या बायांना ते अजून झोंबतं, दवाखान्यात रांगेत बसल्या की विषय निघतोच.

लोकांना वाटतं आफ्रिका म्हणजे ऊन. लेसोथोतलं सगळ्यात खालचं ठिकाणसुद्धा १४०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वर गावाच्याही वर, आणि आम्ही तर थाबा-त्सेकाच्या बाजूला डोंगरात राहतो, राजधानी मासेरूहून येताना एकामागून एक घाट लागतात, त्यातल्या एका घाटाचं नावच ‘देवा मला मदत कर’ असं आहे आणि पावसात गाडी तिथून चढताना ते बरोबर वाटतं. जून-जुलैत बर्फ पडतो. आम्ही पूर्वी इथे होतो तेव्हा एक ग्रुप जूनमध्ये सुती कुर्ते आणि सँडल घालून उतरला होता, पहिले तीन दिवस सगळे रॉकेलच्या हीटरभोवती बसून होते आणि आम्ही घरोघर फिरून त्यांच्यासाठी ब्लँकेटं मागून आणली. सेवेला आलेल्यांची सेवा गावाने केली, आणि हसत केली, ते सोडा. पण नंतर त्यांनी शाळेचे दोन वर्ग रंगवले, फोटो काढले, गेले. त्याच गावात खाणीतून काम सुटून आलेला माणूस होता, प्लास्टर आणि रंगकाम उत्तम करणारा, त्याला आठवड्याची मजुरी दिली असती तर वर्गही रंगले असते आणि त्याच्या घरात मक्याच्या पिठाची गोणीही आली असती. हे तेव्हा कुणाला सुचलं नाही कारण त्या माणसाची ओळखच नव्हती ना त्यांना, ओळख व्हायला पंधरा दिवस पुरत नाहीत.

खाणींचं सांगायला हवं, त्याशिवाय इथलं काहीच कळत नाही. इथले पुरुष पिढ्यानपिढ्या साऊथ आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत जायचे, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लाखाच्या वर माणसं तिकडे होती. मग नव्वदच्या दशकात कपात सुरू झाली, माणसं घरी आली ती छातीत धूळ आणि टीबी घेऊन. घर बायांनीच चालवलं, मासेरू आणि मापुत्सोएच्या कपड्याच्या फॅक्टरीत जीन्स शिवून, २०२५ मध्ये अमेरिकेने टॅरिफ लावल्यावर तिथलीही कामं गेली. मोठ्या माणसांत पाचातला जवळजवळ एक एचआयव्ही असलेला आहे. गोळ्या मिळतात, त्याने माणसं जगतायत, नीट जगतायत, पण २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदतीचा पैसा अचानक थांबवला आणि गावागावांत फिरणारे कितीतरी कार्यकर्ते एका फटक्यात घरी बसले.

आता माझं काम सांगते. गोळ्या मध्येच बंद करणाऱ्या बाईला शोधायचं आणि का बंद केल्या ते विचारायचं. ती मला काय सांगणार? नवऱ्याला माहीत नाही, सासूला माहीत नाही, डबी पिठाच्या टिनात लपवलीय, हे ती नवीन आलेल्या परदेशी बाईला सांगेल? मी शनिवारी तिच्या शेजारच्या मयतीला गेलेली असते (इथे मयत शनिवारी पुरतात, शुक्रवारची रात्र सगळे जागतात, तंबू पडतो, बैल कापतात, खर्चासाठी बायांची मयताची भिशी असते), मी तिथे बसून भोपळा चिरलेला असतो, गुरुवारच्या प्रार्थनेच्या बायकांबरोबर मोडक्यातोडक्या सेसोथोत (इथली भाषा) गायलेलं असतं, तेव्हा कुठे सहा-आठ महिन्यांनी ती एकदा विहिरीवर म्हणते की मावशी, जरा बोलायचं होतं. म्हणजे ‘मे’ म्हणते, इथे प्रत्येक मोठ्या बाईला तेच म्हणतात.

परत आल्यावर वाटलं होतं की आपलं जुनं घर, जुनी ओळख, लगेच बसेल सगळं. काही बसलं, काही नाही. भाषा निम्मी गंजलेली. पूर्वी पगार पाकिटात यायचा, आता भाजीवालीपण मोबाईलवर पैसे घेते आणि मी पिन विसरते. दुकानं बरीच चिनी लोकांची झालीयत. ज्या पोरांना मी लसी टोचल्या होत्या त्यातली एक आता माझ्याच दवाखान्यात सिस्टर आहे आणि मला औषधांची नवी पद्धत तीच शिकवते, ओरडतेसुद्धा. जेवणाचं मात्र पहिल्या दिवसापासून जमलं, सकाळी ज्वारीचं आंबवलेलं मोतोहो पितात ते आपल्या आंबिलीसारखंच लागतं, दुपारी मक्याचा घट्ट पापा आणि चिरून शिजवलेला पाला. आमच्या ह्यांना शाळेचं जड गेलं, कारण गुराखी पोरं. आठ-दहा वर्षांची मुलं ब्लँकेट आणि गमबूट घालून महिनोन्महिने डोंगरावर गुरांमागे असतात, प्राथमिक शिक्षण मोफत आहे, कायद्याने सक्तीचं आहे, तरी गुरं कोण बघणार? मग हे संध्याकाळी कंदिलावर वर्ग घेतात. तोही गावच्या मुखियाला, मग आयांना, मग पाळकसाहेबांना विचारून विचारून सुरू झाला, सगळ्यांच्या होकाराला हिवाळा संपला.

आणि हे काही आम्ही शोधलेलं नाही. १८३३ मध्ये पॅरिसच्या मिशनचे कासालिस, आर्बुसे आणि गोसलिन इथे आले ते राजाने बोलावलं म्हणून. मोशोएशोए राजाने मिशनरी मिळावा म्हणून गुरं पाठवली होती, ती वाटेत लुटली गेली, तरी त्याने नाद सोडला नाही. ते आले आणि मोरिजा गावी राहिले, भाषा शिकले, कासालिस तर परक्यांशी बोलणी करताना राजाचे सल्लागार झाले. १८६३ पासून मोरिजाहून सेसोथोत पेपर निघायला लागला. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही, मुलामुली वयात येताना इथे दीक्षा देतात त्या चालीरीती आणि बहुपत्नीत्व यावरून त्यांनी घरंच्या घरं मंडळीबाहेर ठेवली, त्याच्या खुणा अजून बोलण्यात येतात. पण राहिल्यामुळे निदान लोकांना त्यांच्याशी भांडता तरी आलं! पंधरा दिवसांच्या पाहुण्याशी कोण भांडतंय, त्याला सगळे हो हो म्हणतात.

आपल्याकडेही तेच ना. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ ला मुंबईत उतरले आणि १८२६ ला नाशिककडे फिरताना कॉलऱ्याने वारले, मायदेश पुन्हा बघितला नाही. नगरला मिशनचा ज्ञानोदय पेपर निघाला तो १८४२ साली, आमचे पणजोबा त्यावर वाचायला शिकले असं घरात सांगतात. ज्या अमेरिकन बोर्डाने (तिकडची मिशन संस्था) ही माणसं मराठी मुलखात पाठवली त्यांनीच १८३५ मध्ये साऊथ आफ्रिकेतल्या नाताल भागात झुलू लोकांमध्ये माणसं पाठवली, इथून फार लांब नाही ते. त्यातलं कुणी पंधरा दिवसांचं रिटर्न तिकीट काढून आलं असतं तर नगरच्या मंडळीत आज काय असतं?

तर ताई, मुलं पाठवायचीच असतील तर एक मुलगी किंवा मुलगा निवडा ज्याच्या हातात काही काम आहे, नर्स, शिक्षक, प्लंबर, सोलर बसवणारा, काहीही. त्याला इथल्या मंडळीच्या हाताखाली पाठवा, स्वतःचं बॅनर देऊन नको. इथल्या बहुतेक प्राथमिक शाळा आणि बरेच दवाखाने चर्चचेच आहेत, पगाराचा भार सरकार उचलतं, त्यामुळे पद्धती ठरलेल्या आहेत, आपण त्यात बसायचं. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं तेव्हा आधी पोचेल असं बघा. जोहान्सबर्गला उतरून रस्त्याने यायचं तर साऊथ आफ्रिकेचा व्हिसा वेगळा लागतो, यात लोक अडकतात. रेसिडेन्स परमिटचे आणि नर्सिंग कौन्सिलचे कागद हळू चालतात, त्याला आधीपासून लागा. पहिले सहा महिने त्याच्याकडून रिपोर्ट, फोटो, काही मागू नका, तो नुसता लोकांकडे चहाला जाईल, प्रेतयात्रेला जाईल, भाषेत चुका करेल, करू द्या.

जुने कपडे पाठवू नका, इथे ढिगाने येतात. लोकरीचे आतले कपडे मात्र त्याच्यासोबत द्या, आणि निघायच्या आधी त्याला भाकरी थापता येते का ते बघा. हळद-जिरं मासेरूला मिळतं, कढीपत्ता नाही.

कळावे,
एक वाचक, थाबा-त्सेका जिल्हा, लेसोथो