ठराव झाले, आता मसुद्याचे काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पतीच्या निधनानंतर स्त्रीवर लादल्या जाणाऱ्या प्रथांना बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने करावा, अशी मागणी गेली काही वर्षे होत आहे. अधिवेशन जवळ आले की त्याबाबतची निवेदने दिल्याच्या बातम्याही वाचायला मिळतात. मागणी रास्त आहे, तिच्या मागे उभे असलेले लोक तळमळीचे आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. तरीही ज्या पद्धतीने ही मागणी पुढे नेली जात आहे त्या पद्धतीने कायदा होईल असे मला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे असे कळवले आणि त्यानंतर गावोगावी तसे ठराव झाले. गावाने आधी करायचे आणि मंत्रालयाने मागून यायचे, असे आपल्याकडे क्वचितच घडते. ग्रामसभेच्या इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदकांची नावे लिहिण्यात माझी सारी नोकरी गेली असल्यामुळे ठरावाचे वजन मी जाणतो, तशी त्याची मर्यादाही जाणतो. ज्या घरात सासरचे आणि माहेरचे राजी असतात तिथे ठरावाने धीर मिळतो. जिथे भावकी अडून बसते तिथे ठरावाची प्रत दाखवल्याने कोणी थांबत नाही, कारण ठरावामागे शिक्षा नसते आणि परिपत्रकामागेही नसते.

कायदा हवा तो एवढ्यासाठी. परंतु कायदा मिळवण्याचे काम ठराव मिळवण्याच्या कामापेक्षा वेगळ्या जातीचे आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमवरून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला किंवा टेकडी रोडवर अडवला जातो, शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटते, निवेदन स्वीकारले जाते, छायाचित्र निघते आणि मंडळी रात्रीच्या गाडीने परततात. त्या निवेदनात बहुधा 'कडक कायदा करावा' एवढेच वाक्य असते. निवेदन संबंधित विभागाकडे 'उचित कार्यवाहीसाठी' जाते, विभाग त्यावर अभिप्राय मागवतो आणि पुढच्या डिसेंबरात आपण पुन्हा यशवंत स्टेडियमवर असतो.

सह्यांच्या संख्येवरही आपला भाबडा विश्वास आहे. विधवांच्याच प्रश्नाचा इतिहास याबाबतीत डोळे उघडणारा आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ साली विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यासाठी जो अर्ज सरकारकडे पाठवला, त्यावर सुमारे एक हजार सह्या होत्या. राजा राधाकांत देव यांच्या पुढाकाराने गेलेल्या विरोधी अर्जावर तीस हजारांहून अधिक होत्या. कायदा मात्र १८५६ मध्ये झाला. तेव्हाचे विधिमंडळ लोकांनी निवडलेले नव्हते, त्यामुळे हे उदाहरण आजच्या काळाला जसेच्या तसे लागू होत नाही, हे मान्य. पण विद्यासागरांची तयारी पाहण्यासारखी आहे. 'हे धर्माविरुद्ध आहे' हा आक्षेप येणार हे ओळखून त्यांनी पराशरस्मृतीचा आधार आधीच छापून लोकांपुढे ठेवला होता. सरकारला उत्तर शोधत बसावे लागले नाही.

त्याच कायद्याने आणखी एक गोष्ट शिकवली आणि तिच्याकडे आपण फारसे पाहत नाही. त्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. ज्या जातींमध्ये पाट लावण्याची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची, चाल पूर्वीपासून होती, त्यांतील स्त्रियांनाही हे कलम लागू होते असे काही उच्च न्यायालयांनी ठरवले. उपकारासाठी केलेल्या कायद्याने काही विधवांच्या हातची जमीन गेली. मसुद्यातील एका ओळीचा हा परिणाम होता आणि ती ओळ मोर्चात कोणी वाचत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की, आपल्याला हव्या असलेल्या कायद्यात गुन्हा नेमका कोणता आणि आरोपी कोण? बांगड्या फोडण्याचे काम प्रत्यक्षात कोण करते, हे गावात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बहुतेक वेळा ते दुसरी विधवाच करते, कारण सवाष्णीने करू नये असा संकेत असतो. कृती हाच गुन्हा असे कलमात लिहिले, तर पहिली अटक एखाद्या सत्तरीच्या विधवा आजीला होईल, आणि तिला पुढे करणारी भावकी फिर्यादीत येणारही नाही. उलट 'सक्ती केल्यास' असे लिहिले, तर आरोपीचा वकील म्हणेल की तिने स्वतःच हात पुढे केला होता, आणि मयताच्या दारात, पन्नास माणसांच्या देखत, संमती कशी मोजायची हे न्यायालयाला ठरवावे लागेल. शिवाय एखादी स्त्री दुःखाने स्वतःच मंगळसूत्र उतरवते, तिला कायद्याने हात लावू नये हेही खरे. माझ्या मते शिक्षेचा रोख सक्ती, चिथावणी आणि त्यानंतरचे वगळणे यांवर असावा. लग्नकार्यात, हळदीकुंकवात, ओटी भरताना वगळले जाणे हा त्या स्त्रीच्या उरलेल्या आयुष्याचा भाग असतो आणि तो त्या एका दिवसापेक्षा कितीतरी लांब चालतो. पण हे कलमात बसवायचे कसे, यावर विधिज्ञांबरोबर बसून काम व्हायला हवे, आणि त्या बैठकीत विधवा स्त्रिया बहुसंख्येने असाव्यात. त्यांच्या वतीने बोलणारे आपण पुष्कळ आहोत.

दुसरा आक्षेप न्यायालयाकडून येईल. मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण धार्मिक संप्रदायाला आपला कारभार चालवण्याचा हक्क आहे असे बहुमताचे मत पडले. त्यानंतर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा करायला २०१६ साल उजाडले. १३ एप्रिल २०१६ रोजी दोन्ही सभागृहांनी तो मंजूर केला. कोणकोणत्या कृत्यांना बहिष्कार म्हणायचे याची त्यात सविस्तर यादी आहे. तरीही राष्ट्रपतींची संमती मिळून तो अमलात यायला जुलै २०१७ उजाडला. विधवा प्रथांचा कायदा फौजदारी स्वरूपाचा झाला, तर त्यालाही दिल्लीची वाट धरावी लागण्याची शक्यता आहे. तेव्हा मुंबईत मंजुरी मिळाली म्हणून गुलाल उधळून मोहीम आटोपती घेता येणार नाही.

'आहेत ते कायदे पुरेसे आहेत' हा विधी विभागाचा नेहमीचा शेरा असतो, आणि त्याचेही उत्तर आधी तयार हवे. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा अपमान आणि मानसिक छळाची दखल घेतो. विधवेला सासरच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने हेरवाडच्या ठरावाच्याच महिन्यात, मे २०२२ मध्ये, स्पष्ट केले आहे. मग नवा कायदा कशासाठी? कारण जुना कायदा घरातल्या नात्यांपुरता आहे आणि विधवेला वगळणारे हात घराबाहेरचेही असतात. हे उत्तर मला पटते, पण ते एका पानावर, उदाहरणांसह, विभागाच्या सचिवांपुढे कोणी मांडले पाहिजे.

या सगळ्यात अनुभवाचा सर्वांत मोठा साठा आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायद्याच्या लढ्यात आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी जवळजवळ दोन दशके खर्च केली. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, तेव्हा कायदा झाल्यातच जमा आहे असे अनेकांना वाटले होते. विधान परिषदेत ते अडकले. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९६ नुसार विधानसभेने मंजूर केलेले पण परिषदेत प्रलंबित असलेले विधेयक विधानसभा विसर्जित होताच व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. २००९ ची निवडणूक आली आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा मंजूर झाला. ती किंमत कोणालाही पुन्हा मोजावी लागू नये. ते वेळापत्रक मात्र आपण भिंतीवर लावले पाहिजे. सध्याची विधानसभा नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आली. विधेयक मुदतीच्या शेवटच्या वर्षात मांडले गेले, तर त्याचे काय होते हे वेगळे सांगायला नको.

त्या लढ्यातील दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. वारकऱ्यांमध्ये या कायद्याविषयी मोठी धास्ती होती. वारी, कीर्तन, भजन यांवर गदा येईल असे सांगितले जात होते आणि सांगणारे सगळेच लबाड नव्हते. वर्षानुवर्षे चर्चा झाल्या, मसुदा अनेकदा बदलला. आजच्या कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही असे सांगणारे स्वतंत्र कलम आहे. काही कार्यकर्त्यांना ती माघार वाटली असेल. मला ती समज वाटते. समोरच्याची भीती भाषणाने जात नाही, कायद्यात लिहून दिल्यावर जाते. विधवा प्रथांच्या बाबतीत ही भीती प्रामुख्याने वयस्कर स्त्रियांमध्ये आहे, हे ध्यानात ठेवून त्यांच्याशी आतापासून बोलायला हवे.

आता आमदारांविषयी. विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि नागपूर किंवा मुंबईच्या धावपळीत त्यांपैकी एकाशीही दहा मिनिटे शांतपणे बोलता येत नाही. अधिवेशन नसताना त्यांच्या मतदारसंघातील जनसंपर्क कार्यालयात, त्याच मतदारसंघातील पाच-सात माणसांनी, शक्यतो ठराव केलेल्या गावच्या सरपंचांसह आणि विधवा स्त्रियांसह जावे. सोबत मसुदा आणि एका पानाचे टिपण असावे. 'पाठिंबा द्या' असे मोघम मागू नये, कारण पाठिंबा सगळेच देतात. तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते) विचाराल का, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी) द्याल का, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याचे) मांडाल का, असे नेमके मागावे आणि मिळालेले उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवावे. अशासकीय विधेयक मंजूर होण्याची आशा मात्र धरू नये. संसदेत स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके कायदा बनली आणि त्यांतील शेवटचे १९७० सालचे आहे. त्याचा खरा उपयोग सरकारला सभागृहात भूमिका घ्यायला लावणे हा असतो. ७८ सदस्यांच्या विधान परिषदेकडे तर कोणी फिरकतच नाही. तिथे शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांचे प्रत्येकी सात सदस्य आहेत, आणि गावोगावचे माध्यमिक व त्यावरील शिक्षक आणि पदवीधर हेच त्यांचे मतदार आहेत. २००५ चे विधेयक कोणत्या सभागृहात अडकले होते, हे आठवले तर या भेटींचे महत्त्व पटेल.

विधेयक समितीकडे गेले आणि सूचना मागवल्या गेल्या, तर एकाच मजकुराची हजारो पत्रे पाठवण्याचा मोह आवरावा. जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि प्रत्यक्षात बदल मोजकेच झाले. त्या विधेयकाविषयी कोणाचे काहीही मत असो, समितीला कलमाचा क्रमांक, आक्षेप आणि पर्यायी शब्द दिल्याशिवाय बदलाची जागाच निर्माण होत नाही, हे अभ्यासूंनी मान्य करावे.

कायदा झाल्यानंतर नियम आणि अधिसूचना राहतात. संसदेने २००२ मध्ये मंजूर केलेला माहिती स्वातंत्र्याचा कायदा अंमलबजावणीची तारीखच अधिसूचित न झाल्यामुळे कधी लागू झाला नाही, आणि माहितीच्या अधिकारासाठी देशाला ऑक्टोबर २००५ पर्यंत थांबावे लागले. मोहिमेच्या खर्चाचा आणि मनुष्यबळाचा निम्मा वाटा कायद्यानंतरच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील सर्व आमदारांना, विधान परिषदेच्या सदस्यांसह, आपल्या वार्ताहरांनी तीन प्रश्न विचारावेत: असा कायदा हवा का, त्यात शिक्षा कोणाला असावी, आणि आपण सभागृहात कोणत्या मार्गाने विषय मांडणार? उत्तरे नावानिशी छापावीत आणि उत्तर न देणाऱ्यांची नावेही त्याच यादीत असावीत. हे काम अधिवेशनाची तारीख जाहीर होण्यापूर्वी झाले तर बरे, कारण त्यानंतर ही मंडळी मतदारसंघात सापडत नाहीत.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर