एकादशीची खिचडी आणि ग्लुकोमीटर

संपादक महाशय, स. न. वि. वि.

आषाढी एकादशीला आपल्या पुरवणीत उपवासाच्या पदार्थांचे पान आले होते. पान देखणे होते, पण निम्म्याहून अधिक पाककृती साबुदाण्याच्या आणि मधुमेहींसाठी एक ओळही नाही. म्हणून हे पत्र.

मी नऊ वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेतो. त्या दिवशी नेमाने सकाळची गोळी घेतली, वर फक्त बिनसाखरेचा चहा. साडेबाराच्या सुमारास विठ्ठलमंदिराच्या रांगेत दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी पिशवीतला पेढा दिला, तेव्हा जिवात जीव आला. घरी येऊन भुकेच्या भरात खिचडीच्या दोन ताटल्या चापल्या, वर बटाट्याचा पापड. दोन तासांनी मुलीने बोटाला सुई टोचली, तर ग्लुकोमीटरवर रक्तातल्या साखरेचा आकडा २६८!

डॉक्टर रागावले. माझ्या गोळीतले औषध पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. म्हणून सकाळी साखर उतरली. दुपारी उलटे झाले. साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला जवळजवळ निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट, प्रथिने एक ग्रॅमही नाहीत आणि तंतू नावापुरते. तेवढ्याच ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतू असतात. खिचडी गोड लागत नाही, एवढ्यावरून आपण तिला निरुपद्रवी ठरवतो. चहातली साखर सोडल्याचे अभिमानाने सांगणारे आमचे एक स्नेही दर गुरुवारी ताटभर साबुदाणा खातात.

‘शास्त्रात सांगितले आहे’ असे कुणी म्हणेल. पण साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज समुद्रमार्गाने येथे आल्यानंतरच ते आपल्याकडे पोहोचले. ज्ञानोबा-तुकोबांच्या नावाने पंढरीची वाट चालताना हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात, ते मात्र अगदी खरे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत देशातील मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या पुढे गेला. आपल्या वाचकांत ते थोडेथोडके नसतील. श्रावण तोंडावर आला आहे. पुढच्या पानात पाककृतींशेजारी एक चौकट द्यावी: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना डोस विचारावा, घाम, थरथर, चक्कर आल्यास उपवास तिथेच सोडून साखर खावी. आणि प्रत्येक पाककृतीत ‘एक वाटी साबुदाणा’ किती जणांसाठी, तेही लिहावे. आमच्या घरी ती वाटी एकट्याची समजली जात होती.

परवाच्या एकादशीला गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलली. सौ.ने साबुदाणा मूठभरच घेतला, दाण्याचे कूट दुप्पट, बटाटा वगळला, शेजारी काकडीची कोशिंबीर आणि ताक. खिचडी मोकळी झाली नाही, गोळाच झाला, त्यावरून घरात बरीच बोलाचाली झाली. दोन तासांनी आकडा १७४.

– एक वाचक, सातारा